दुसरं करिअर नर्सिंगचं: अमेरिकेतल्या चार वाटांचं परीक्षण

‘सोळा महिन्यांत नर्स व्हा’ असं माहितीपत्रकावर ठळक छापलेलं असतं. ते सोळा महिने कुठल्या दिवसापासून मोजायचे, हे मात्र आतल्या पानावर बारीक अक्षरांत असतं. मोजणी सुरू होते प्रवेश मिळाल्यावर, आणि प्रवेश मिळतो विज्ञानाचे पाच-सहा विषय लॅबसकट पास झाल्यावर. त्यामुळे कॉमर्स, इंजिनिअरिंग किंवा आर्ट्सची पदवी घेऊन अमेरिकेत राहणारा आणि आता रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन, होऊ पाहणारा माणूस महिन्यांच्या आकड्यावरून अभ्यासक्रम निवडायला लागला की तिथेच चुकतो.

वाटा चार आहेत. पदवीधरांसाठीची वेगवान बीएसएन (नर्सिंगची बॅचलर्स पदवी), जिला सगळे एबीएसएन म्हणतात. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी, एडीएन. बिगर-नर्सिंग पदवीवरून थेट मास्टर्स. आणि वर्षभराचा एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, आरएनच्या खालची पायरी), ज्याला कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये एलव्हीएन म्हणतात. पहिल्या तिन्ही वाटांच्या शेवटी परीक्षा एकच, एनक्लेक्स-आरएन, आणि परवानाही एकच. तुम्ही कम्युनिटी कॉलेजातून आलात की नावाजलेल्या खासगी विद्यापीठातून, ते परवान्यावर लिहिलेलं नसतं. एलपीएनची परीक्षा आणि परवाना वेगळा, कामाची मर्यादाही वेगळी.

निकाल आधीच सांगतो: नोकरी पूर्ण सोडता येत नसेल तर एडीएन, वर्ष-सव्वा वर्ष बिनपगारी काढता येत असेल आणि सरकारी विद्यापीठात जागा मिळत असेल तर एबीएसएन. बाकी दोन वाटा ठरावीक परिस्थितीतच घ्याव्यात.

आधी पूर्वअटीचे विषय

माहितीपत्रकं या भागावरून घाईनं पुढे सरकतात, आणि लोक सगळ्यात जास्त अडकतात ते इथेच. नेहमीची यादी अशी: ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी १ आणि २, लॅबसकट, प्रत्येकी ४ क्रेडिट. मायक्रोबायॉलॉजी लॅबसकट ४. स्टॅटिस्टिक्स ३, न्यूट्रिशन ३, जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या वाढीचं मानसशास्त्र ३. बऱ्याच ठिकाणी केमिस्ट्रीचे आणखी ४. मिळून पंचवीसच्या आसपास क्रेडिट. आकडा छोटा दिसतो, पण विषय एकामागून एक लावलेले असतात. ॲनाटॉमीचा पहिला भाग पास झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, आणि कित्येक कॉलेजांत पहिल्या भागाआधी बायॉलॉजी किंवा केमिस्ट्री मागतात. नोकरी सांभाळून करणाऱ्याची तीन सत्रं यात सहज जातात. म्हणजे ‘सोळा महिने’ प्रत्यक्षात अडीच वर्षांच्या आसपास जातात.

हे विषय कम्युनिटी कॉलेजातच करावेत. फी कितीतरी कमी असते आणि प्रवेश समितीला बहुधा फरक पडत नाही. पण नाव घालण्याआधी ज्या तीन-चार नर्सिंग स्कूलना अर्ज करणार, त्यांच्या अटी शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात, कारण गोची बारीक कलमांत असते.

विज्ञानाच्या विषयांना मुदत असते, बहुतेक ठिकाणी पाच ते सात वर्षं. बीएस्सीला पंधरा वर्षांपूर्वी मायक्रोबायॉलॉजी घेतलं होतं, हे इथे चालत नाही. लॅब ऑनलाइन केलेली काही स्कूल घेतात, काही घेत नाहीत. विषय पुन्हा दिला तर काही जण नवा गुण धरतात, काही दोन्हींची सरासरी काढतात. काही ठिकाणी दुसऱ्यांदा देण्याची एकदाच मुभा असते, आणि सत्र अर्धवट सोडल्याचा ‘डब्ल्यू’सुद्धा एक प्रयत्न म्हणून मोजतात. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजातली ४ युनिट सेमिस्टरच्या हिशेबात पावणेतीनसुद्धा भरत नाहीत (दोन-तृतीयांश करायचं), आणि मग एका क्रेडिटसाठी अख्खा विषय पुन्हा करायची वेळ येते.

किमान सरासरी (४ पैकी) ३.० असं लिहिलेलं असतं. ती अर्ज वाचला जाण्याची पातळी आहे, जागा मिळण्याची नव्हे. शिवाय विज्ञानाच्या विषयांची सरासरी वेगळी काढतात आणि खरी चाळणी तीच असते.

पदवी भारतातली असेल तर आणखी एक टप्पा. नेसेस या संघटनेच्या सभासद संस्थेकडून, म्हणजे डब्ल्यूईएस, ईसीई वगैरेंकडून, विषयवार मूल्यांकन करून घ्यावं लागतं. नुसती पदवी समकक्ष असल्याचं साधं मूल्यांकन पुरत नाही, ‘कोर्स-बाय-कोर्स’ मागवायचं. तीन वर्षांच्या बीए, बीकॉम, बीएस्सीला सगळे मूल्यांकनकर्ते अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीइतकी मानत नाहीत. तसं झालं तर एबीएसएनचं दार बंद होतं, कारण ती पदवीधरांसाठीच आहे. म्हणून हे मूल्यांकन पहिल्या महिन्यात, एकही विषय घेण्याआधी करून घ्यावं. टेक्सासमधल्या सरकारी विद्यापीठांत पदवीसाठी अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था मिळून १२ क्रेडिट कायद्यानेच लागतात. ते भारतातल्या पदवीत असणं शक्यच नाही, तेव्हा ते वेगळे धरावेत.

प्रवेशपरीक्षा बहुतेक ठिकाणी टीईएएस किंवा हेसी ए-टू. टीईएएसमध्ये वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी असे चार भाग, १७० प्रश्न, २०९ मिनिटं. विज्ञानाच्या भागात ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा वाटा मोठा असल्यामुळे तिचा दुसरा भाग संपल्यावर लगेच परीक्षा द्यावी. आधी देण्यात अर्थ नाही आणि वर्षभर थांबण्यातही नाही.

एबीएसएन: चांगलं उत्पादन, पण कुणालाही विकलं जातं

अकरा ते अठरा महिने, मध्ये उन्हाळ्याची सुट्टी नाही. पहिल्या सत्रात फंडामेंटल्स, हेल्थ असेसमेंट, फार्माकॉलॉजी आणि पॅथोफिजिऑलॉजी एकदम अंगावर येतात. पुढे मेड-सर्ज (प्रौढांचे आजार आणि शस्त्रक्रिया), प्रसूती, बालरोग, मानसोपचार, समाज-आरोग्य, आणि शेवटी एका नर्सच्या हाताखाली प्रिसेप्टरशिप. आठवड्यात दोन-तीन दिवस हॉस्पिटलात, उरलेले वर्ग आणि लॅबमध्ये. यासोबत पूर्णवेळ नोकरी होत नाही. ‘फ्लेक्झिबल’ हा शब्द जिथे दिसेल तिथे हॉस्पिटलच्या पाळ्या कोण ठरवतं, हे विचारावं. उत्तर नेहमी ‘हॉस्पिटल’ असंच असतं.

माणसं गळतात ती पहिल्या सत्रात, आणि बहुधा हुशारी कमी पडते म्हणून नव्हे. गुणांचा नियम वेगळा असतो. बऱ्याच स्कूलमध्ये परीक्षांची सरासरी ७५ ते ७८ टक्क्यांच्या वर असल्याशिवाय असाइनमेंटचे गुण धरतच नाहीत, आणि आकडा वर गोल करत नाहीत. रेषा ७५ ची असेल तर ७४.९ म्हणजे नापास. एक विषय गेला की तुकडी पुढे जाते आणि तुम्ही तो विषय पुन्हा शिकवला जाईपर्यंत थांबता. दुसरा गेला की बाहेर. साध्या चार वर्षांच्या पदवीत हाच विषय पुढच्या सत्रात मिळतो. वेगवान अभ्यासक्रमात वर्षातून एकच तुकडी भरत असेल तर अख्खं वर्ष जातं. म्हणून वर्षात किती तुकड्या भरतात हा प्रश्न फीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा.

प्रश्नांची जातही वेगळी. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला अचानक धाप लागली आहे: डॉक्टरांना फोन करा, डोक्याकडची बाजू वर करून ऑक्सिजन लावा, रक्तदाब घ्या, नोंद करा. चारही गोष्टी करायच्याच असतात. विचारलेलं असतं ते पहिली कोणती. पाठांतरावर पदव्या मिळवलेल्या माणसाला इथे धक्का बसतो. पाठ्यपुस्तक तिसऱ्यांदा वाचून उपयोग होत नाही, रोज पन्नासेक प्रश्न सोडवून चुकलेल्यांची कारणं लिहून काढल्यानेच होतो.

औषधाच्या मात्रेचं गणित ही आणखी एक वेगळी चाळणी. बहुतेक स्कूलमध्ये दर सत्राला ९० ते १०० टक्के लागतात, दोन-तीन संधी असतात, नाही जमलं तर वॉर्डात पाठवत नाहीत. गणित अवघड नसतं. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) तासाला किलोमागे १८ युनिट द्यायचं आहे, रुग्णाचं वजन १७६ पाउंड, पिशवीत २५० मिलिलिटरमध्ये २५,००० युनिट. १७६ ला २.२ ने भागलं की ८० किलो. १८ गुणिले ८०, तासाला १,४४० युनिट. पिशवीत मिलिलिटरला १०० युनिट, म्हणजे पंप तासाला १४.४ मिलिलिटरवर. चूक होते ती पाउंडाचे किलो करायचं विसरल्याने, किंवा मधल्या पायरीवरच आकडा गोल केल्याने. उत्तर ‘.५’ असं लिहिलं तर चूक, ‘०.५’ पाहिजे, आणि ‘५.०’ लिहिलं तरी चूक, ‘५’ पाहिजे. दशांशचिन्ह नजरेतून सुटलं तर रुग्णाला दहापट औषध जातं. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनच्या ‘वापरू नका’ यादीत ही दोन्ही लेखनं आहेत, त्यामुळे यावर घासाघीस चालत नाही.

आता पैसे. खासगी विद्यापीठांत एबीएसएन ५० हजार डॉलरच्या वर सहज जाते. त्यावर त्या काळात न मिळालेला पगार, घरभाडं आणि आरोग्यविमा धरावा. सरकारी विद्यापीठांत हीच पदवी पुष्कळ स्वस्त असते, पण जागा कमी. अलीकडे बऱ्याच खासगी विद्यापीठांनी हायब्रिड एबीएसएन काढली आहे: सिद्धांत ऑनलाइन, हाताचं काम भाड्याच्या इमारतीतल्या लॅबमध्ये, वर्षाला दोन-तीन तुकड्या. यात वावगं काही नाही. पण विद्यार्थी गोळा करण्याचं काम अनेकदा बाहेरच्या कंपनीकडे असतं, आणि तुम्हाला आठवड्यात चार वेळा फोन करणारा ‘ॲडमिशन ॲडव्हायझर’ त्या कंपनीचा माणूस असू शकतो. त्याला हॉस्पिटलांची नावं विचारा. प्रसूती आणि बालरोगाचे किती तास प्रत्यक्ष वॉर्डात आणि किती सिम्युलेशनवर, म्हणजे बाहुलीवरच्या सरावावर, तेही विचारा. २०१४ मध्ये एनसीएसबीएनच्या (राज्यांच्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेच्या) अभ्यासात दिसलं की दर्जेदार सिम्युलेशनने क्लिनिकलचे, म्हणजे हॉस्पिटलात शिकण्याचे, निम्म्यापर्यंत तास भरून काढले तरी निकाल बिघडत नाहीत. तेव्हा बाहुलीवर शिकवतात म्हणून स्कूल वाईट ठरत नाही. पण ‘दर्जेदार’ या शब्दात प्रशिक्षित शिक्षक आणि नंतरची चर्चा दोन्ही येतात. संगणकावरचे व्हिडिओ पाहून भरलेले तास त्यात बसत नाहीत.

एडीएन: जिला लोक उगाच कमी लेखतात

एक पदवी हातात असताना पुन्हा ‘खालची’ पदवी घ्यायची, हे बऱ्याच जणांच्या पचनी पडत नाही. घरातले तर हमखास नाक मुरडतात. हिशेब मांडला की चित्र बदलतं. चार सत्रं, आपल्या डिस्ट्रिक्टमधल्या कम्युनिटी कॉलेजची फी, काही ठिकाणी संध्याकाळची किंवा शनिवार-रविवारची तुकडी, आणि परवाना तोच. आठवड्याचे तास एबीएसएनपेक्षा मोकळे असल्याने अर्धवेळ नोकरी निभावते. नंतर नोकरी करता करता आरएन-टू-बीएसएन ऑनलाइन होतं. पहिली पदवी असल्यामुळे त्यातले सर्वसाधारण विषय सुटतात आणि साधारण तीसेक क्रेडिटच उरतात. फी बऱ्याचदा हॉस्पिटल भरतं. एक आडवाट फारशी कुणी सांगत नाही: दुसऱ्या विषयातली पदवी आणि एडीएनवरचा आरएन परवाना असेल तर काही विद्यापीठं बीएसएन वगळून थेट आरएन-टू-एमएसएनला (नर्सिंगच्या मास्टर्सला) घेतात.

अडचण आहे ती आत शिरण्याची. स्वस्त असल्यामुळे गर्दी असते. कुठे गुणांकन, कुठे प्रतीक्षायादी, कुठे सरळ चिठ्ठी. गुणांकनात विज्ञानाची सरासरी, टीईएएस, आधीची पदवी, आरोग्यसेवेतलं काम असे मुद्दे असतात. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजांसाठीच्या कायद्यातल्या निकषांच्या यादीत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येणं हाही एक निकष आहे, आणि त्या भाषांमध्ये भारतीय उपखंडातल्या भाषांचा उल्लेख आहे. तिथे अर्ज करताना मराठीचा रकाना रिकामा ठेवू नये.

दुसरी अडचण नोकरीची, आणि ती गावानुसार बदलते. मोठ्या शहरांतली मॅग्नेट दर्जाची (उत्तम नर्सिंगबद्दल दिला जाणारा मान) आणि विद्यापीठांची हॉस्पिटलं नव्या नर्सकडून बीएसएन मागतात, किंवा ठरावीक वर्षांत ती पूर्ण करण्याचा करार करून घेतात. न्यू यॉर्कने २०१७ मध्ये कायदाच केला: परवाना मिळाल्यापासून १० वर्षांत बीएसएन. लहान शहरांत, नर्सिंग होममध्ये, डायलिसिस केंद्रांत हा प्रश्न फारसा येत नाही. हे तपासायला पंधरा मिनिटं पुरतात. जिथे राहायचं आहे तिथल्या हॉस्पिटलांच्या ‘न्यू ग्रॅड रेसिडेन्सी’च्या, म्हणजे नव्या नर्ससाठीच्या पहिल्या नोकरीच्या, जाहिराती उघडायच्या आणि ‘बीएसएन रिक्वायर्ड’ आहे की ‘प्रिफर्ड’, ते मोजायचं. बहुतेक ठिकाणी ‘प्रिफर्ड’ असेल तर एडीएन बिनधास्त घ्यावी.

उरलेल्या दोन

थेट मास्टर्स दोन प्रकारची. साधारण दोन वर्षांत आरएनच्या परवान्यासह एमएसएन देणारी, आणि तीन वर्षांच्या आसपास नर्स प्रॅक्टिशनरपर्यंत (निदान करून औषधं लिहून देणारी नर्स) नेणारी. पहिल्या प्रकारात मेख अशी की बाहेर पडल्यावर तुम्ही वॉर्डातली नवी नर्सच असता, पगारही बहुधा नव्या नर्सचाच. मास्टर्सची फी देऊन नवशिक्याचा पगार घ्यायचा, हा सौदा अध्यापनाकडे किंवा पुढे डॉक्टरेटकडे जायचं पक्कं नसेल तर पटण्यासारखा नाही. दुसऱ्या प्रकारात खाटेजवळचा अनुभव नसताना प्रॅक्टिशनर होता येतं, पण नोकरी देणारे तो अनुभव विचारतात. शिवाय २०२५च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं सरकारी कर्ज बंद. पदव्युत्तर विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत. महागड्या मास्टर्सची उरलेली रक्कम खासगी कर्जातून उभी करावी लागेल.

एलपीएन वर्षभरात हातात कमाई देते. नर्सिंग होम, क्लिनिक, घरी जाऊन सेवा अशी कामं मिळतात. मोठ्या हॉस्पिटलांत जागा कमी, आणि रुग्णाची पहिली तपासणी किंवा शिरेतून थेट द्यायची काही औषधं राज्याच्या नियमांनुसार तिच्या हातात नसतात. पुढे एलपीएन-टू-आरएन ब्रिज आहे. घर तिच्या पगारावर चालणार असेल तर ही वाट योग्य. नुसती ‘आधी लहान पायरी’ म्हणून घेतली तर पूर्वअटीचे विषय शेवटी करावेच लागतात आणि वर्ष जास्तीचं जातं.

हे काम आपल्याला जमतं का एवढंच पाहायचं असेल तर त्यासाठी सीएनए, म्हणजे नर्सच्या मदतनिसाचं काम, पुरतं. केंद्राच्या नियमानुसार प्रशिक्षण किमान ७५ तास, काही राज्यांत जास्त. अंघोळ घालणं, कूस बदलणं, बेडपॅन, उचलून खुर्चीत बसवणं. दोन महिने अर्धवेळ केलं की कळतं ते कळतंच, आणि अर्जातही उपयोगी पडतं.

स्कूल तपासताना

तीन वेगळे शिक्के असतात आणि लोक ते एकात एक मिसळतात. स्टेट बोर्ड ऑफ नर्सिंगची मंजुरी: ही नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही. संस्थेचं ॲक्रेडिटेशन, म्हणजे दर्जाची मान्यता: हे नसेल तर क्रेडिट दुसरीकडे चालत नाहीत. आणि नर्सिंग कार्यक्रमाचं स्वतःचं ॲक्रेडिटेशन, सीसीएनई किंवा एसीईएनचं: हे नसताना परवाना मिळू शकतो, पण पुढच्या पदवीला आणि माजी सैनिकांच्या व्हीए हॉस्पिटलांतल्या नोकरीला अडचण येते. ‘अप्लाइड फॉर’ किंवा ‘कँडिडेट’ असं लिहिलेलं असेल तर तो शिक्का अजून बसलेला नाही. स्कूलच्या संकेतस्थळावर न थांबता बोर्डाच्या आणि ॲक्रेडिटेशन संस्थेच्या यादीत नाव स्वतः शोधावं.

एनक्लेक्सचा निकाल बहुतेक बोर्डं स्कूलवार प्रसिद्ध करतात. एका वर्षाचा आकडा पाहू नये, पाचांचे पाहावेत, आणि त्या त्या वर्षीच्या देशाच्या सरासरीशी ताडावेत. अमेरिकेत शिकलेल्या, पहिल्यांदा बसलेल्यांचा निकाल २०२२ मध्ये ८० टक्क्यांच्या आसपास होता, २०२३ मध्ये ८८च्या वर गेला; एप्रिल २०२३ मध्ये परीक्षेचं स्वरूपही बदललं. त्यामुळे ‘आमचा निकाल आठ टक्क्यांनी वाढला’ यात स्कूलची कर्तबगारी असेलच असं नाही.

निकालाचा आकडा फुगवायचा जुना मार्ग म्हणजे कच्च्यांना परीक्षेपर्यंत पोचूच न देणं. समजा ६० जण आत आले, ३८ बाहेर पडले, त्यातले ३६ पास झाले. जाहिरातीत ९५ टक्के लागतात. आत आलेल्यांच्या हिशेबाने ६०. म्हणून प्रश्न एकच, आणि लेखी विचारावा: मागच्या तीन तुकड्यांत किती जण आले आणि त्यातले किती वेळेत संपवून गेले? सीसीएनईचा पूर्ततेचा निकष ७० टक्क्यांचा आहे, तेव्हा हा आकडा स्कूलकडे असतोच. ‘आमच्याकडे नाही’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबावं. जोडीला हेही विचारावं की शेवटची एक्झिट परीक्षा नापास झाल्यास पदवी अडते का. काही ठिकाणी सगळे विषय पास होऊनही विद्यार्थी तिथे लटकतो.

आणि काही आठवड्यांत, क्लिनिकलशिवाय, पूर्ण ऑनलाइन आरएन असं कुणी सांगत असेल तर पळावं. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन संस्थांच्या नावाने ७,६०० हून जास्त बनावट नर्सिंग पदविका विकल्याचा खटला केंद्र सरकारने उघड केला. त्यानंतर कित्येक राज्यांच्या बोर्डांनी दिलेले परवाने पुन्हा तपासायला घेतले.

कागद, लशी आणि व्हिसा

वॉर्डात पाय ठेवण्याआधी पोलीस-पार्श्वभूमी तपासणी, ठसे, ड्रग टेस्ट, लशी. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी टेस्टमध्ये दिसला की जागा जाते. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांवर असतात. प्रवेशपत्र आल्यावर सुरू केले तर वेळेत संपत नाहीत. प्रौढांसाठी महिनाभरात संपणारी दोन डोसांची लसही आहे, पण आधी रक्तातली प्रतिकारक्षमता तपासावी. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांचंही तेच. ‘लहानपणी येऊन गेल्या’ हे तोंडी चालत नाही, टायटर (रक्तातल्या प्रतिकारक्षमतेची तपासणी) लागतो.

क्षयाची चाचणी भारतात वाढलेल्यांनी त्वचेवरची करू नये. बीसीजी घेतलेल्यांत ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि पुढची सगळी धावपळ. रक्तावरची, आयजीआरए प्रकारची चाचणी मागून घ्यावी. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. सीपीआरचं प्रमाणपत्र अमेरिकन हार्ट असोसिएशनचं ‘बीएलएस प्रोव्हायडर’ हवं. ‘हार्टसेव्हर’ सर्वसामान्यांसाठी आहे, ते आणलं की परत पाठवतात.

एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येतं, कामाला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतो. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) शिकलात तर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याची मुभा, १२ महिन्यांची. नेहमीची बीएसएन स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नसल्याने मुदतवाढ धरू नये. साध्या वॉर्डातल्या नोकरीवर एच-१बी मिळणं कठीण, कारण आरएनच्या कामाला पदवी अनिवार्य नाही असं मानलं जातं. ग्रीन कार्डाच्या बाजूला मात्र नर्स ‘शेड्यूल ए’मध्ये येतात, म्हणजे मालकाला लेबर सर्टिफिकेशनची (या कामाला अमेरिकेतला माणूस मिळत नाही हे दाखवण्याची) चाचणी करावी लागत नाही; रांग तरीही देशानुसारच. स्टेट बोर्ड परवान्याला सोशल सिक्युरिटी नंबर मागतं का, ते प्रवेशाआधी पाहावं. सगळी बोर्डं मागत नाहीत.

पैशांच्या मदतीत एक गोष्ट चुकते. पेल ग्रँट ही केंद्र सरकारची, परत न करायची मदत पहिल्या पदवीसाठीच असते. पदवीधराला मिळत नाही, मग मिळकत कितीही कमी असो. नर्स कोअर शिष्यवृत्ती फी भरते आणि बदल्यात टंचाई असलेल्या ठिकाणी किमान दोन वर्षं काम मागते, पण ती नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. हॉस्पिटल फी भरत असेल तर करारात एक ओळ शोधावी: मध्येच सोडल्यास राहिलेल्या महिन्यांचे पैसे परत करायचे की सगळेच.

परीक्षेचं थोडक्यात: शेवटचं सत्र संपायच्या आधीच बोर्डाकडे अर्ज, पिअर्सन व्ह्यूकडे २०० डॉलर. परवानगीपत्राची मुदत साधारण ९० दिवस. ८५ ते १५० प्रश्न, पाच तास. संगणकाची खात्री पटली की परीक्षा बंद पडते, त्यामुळे ८५ वर थांबली याचा अर्थ पास असा नाही आणि नापास असाही नाही. नापास झाल्यास ४५ दिवसांनी पुन्हा.

अर्ज तीन ठिकाणी करावेत: एक सरकारी एबीएसएन, दोन एडीएन. खासगी एबीएसएनलाही अर्ज केलाच तर तिच्याकडून सगळ्यात आधी होकार येतो आणि दोन आठवड्यांत डिपॉझिट मागतात, तेव्हा कम्युनिटी कॉलेजचा निकाल लागायला अजून दोन महिने असतात. डिपॉझिट परत मिळतं का आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे ईमेलवर लिहून घेतल्याशिवाय कार्ड पुढे करू नये.